सातवं झाकण

तिने हात उलटा केला आणि बोटांची पाठ सातव्या झाकणाला टेकवली. मनात पाचपर्यंत मोजलं, मग आठव्याला टेकवली, मग पुन्हा सातव्याला. दोन्ही सारखीच गरम. चटका बसेल इतकी नाही. ताप उतरत आलेल्या अंगासारखी. घरी बाळाच्या कपाळालाही ती असाच उलटा हात लावायची. तळहाताला खरं कळत नाही, असं तिला उस्तादांनीच शिकवलं होतं. बाळाबद्दल नव्हे, झाकणांबद्दल.

तिच्या डोक्यावर तीन मजले उंच इंजिन चालू होतं. नऊ सिलिंडर, एकेकात माणूस उभा मावेल एवढा. मिनिटाला जेमतेम एकशे दहा फेरे. एवढं मोठं इंजिन गुरगुरत नाही की किंचाळत नाही. त्याचा एकेक ठोका सुटा कळतो, आणि कानांच्या आधी पायांना कळतो, लोखंडी जाळीतून, बुटांच्या तळव्यांतून गुडघ्यांपर्यंत चढत. बाहेरचं कुणी पहिल्यांदा बघायला आलं की आधी तोंड उघडं टाकून वर पाहत राहतं, आणि थोड्या वेळाने, आपल्याला कुणी पाहत नाही ना याची खात्री करून, एक पाऊल मागे सरकतं. ती लहानपणापासून इथे येत होती. तीसुद्धा अजून ते एक पाऊल मनातल्या मनात मागे सरायची.

इंजिन सहा आठवडे खोलून ठेवलेलं होतं. आज दुरुस्तीनंतर पहिल्यांदा त्याच्यावर पूर्ण भार टाकला होता. तीही बाळंतपणाची रजा संपवून अकरा दिवसांपूर्वीच कामावर आली होती. "दोघी एकदमच रजेवरून आल्या," असं पॅनेलवरचा ऑपरेटर सकाळी म्हणाला होता. त्याची बडबड कधी थांबायची नाही म्हणून त्याला सगळे रेडिओ म्हणायचे. "आता बघायचं, आधी कोण दमतंय."

"तू दमशील," ती म्हणाली होती. "बोलून बोलून."

आठव्या झाकणावरून हात काढला तेव्हा तिला रडणं ऐकू आलं.

ती थबकली, पण घाबरली नाही. या रडण्याची तिला ओळख होती. पहिले दोन महिने ते तिला नळाच्या धारेत ऐकू यायचं, पंख्यात, कुकरच्या वाफेत ऐकू यायचं. ओल्या अंगाने धावत खोलीत जावं तर बाळ मूठ तोंडाशी धरून गाढ झोपलेलं. सगळ्याच आयांना होतं म्हणे असं. तिने कानांवरची जाड कर्णटोपी नीट दाबून बसवली. या टोपीतून समोरच्याचं ओरडणंही ऐकू येत नसे.

रडणं तेवढंच राहिलं.

तिने टोपी काढली. इंजिनाचा गदारोळ भिंतीसारखा अंगावर आला, आणि त्या गदारोळात रडणं पुन्हा तेवढंच, ना कमी ना जास्त. बारीक, ताणलेलं, मध्येच श्वास घ्यायला थांबणारं. ती नवव्या झाकणापाशी गेली. रडणं मागे पडलं. परत फिरली, आठव्याकडून सातव्याकडे. ते जवळ आलं. सहाव्यापाशी पुन्हा लांब गेलं.

भासाला जागा नसते. याला होती.

तिने हात वर करून उस्तादांना खूण केली. ते वर टर्बोचार्जरखालच्या सज्ज्यात होते. गुडघ्यांना सांभाळत, एकेक पायरी उतरत ते खाली आले. इथला सगळ्यात जुना फिटर. तिला हे काम शिकवणारा. तिने सातव्या झाकणाकडे बोट दाखवलं आणि आपल्या कानाकडे. त्यांनी खिशातली ऐकायची सळई काढली, एक टोक झाकणाच्या बोल्टवर ठेवलं, दुसरं कानामागच्या हाडावर. डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले. मग मान हलवली. काही नाही.

मग ते तिच्याकडे पाहत राहिले. ती मान एका बाजूला कलती करून उभी होती, आणि आपण तशा उभ्या आहोत हे तिच्या लक्षात नव्हतं. उस्तादांच्या हातातली सळई खाली आली.

वर, काचेच्या कंट्रोल रूममध्ये, सगळे आकडे जागच्या जागी होते. तिने ते एकदा वाचले, मग बोट ठेवून पुन्हा वाचले. तेलाचा दाब ठीक. पाण्याचं तापमान ठीक. मुख्य बेअरिंगं सगळीच्या सगळी ठीक. इंजिनाच्या पोटात तेलाची वाफ साचते का ते सांगणारा मीटर हिरवा.

"काय शोधताय, मॅडम?" रेडिओ म्हणाला. "सगळं गुळगुळीत चाललंय."

"भार कमी कर."

"किती?"

"सगळा. दोन्ही लहान इंजिनांवर घे. मी हे बंद करतेय."

रेडिओचा हात स्विचवर अडला. त्याने उस्तादांकडे पाहिलं. उस्ताद दारात उभे राहून धापा टाकत होते. ते म्हणाले, "तिने सांगितलं ना."

लहान इंजिनांना सगळा भार पेलणारा नव्हता. अर्ध्या गावाचे दिवे जाणार होते आणि दुपारचं पाणी चढणार नव्हतं. रेडिओने एकेक स्विच खाली घेतला. तिने इंधनाचा दांडा ओढला.

एवढं मोठं इंजिन थांबताना पाहणं चालताना पाहण्यापेक्षा भीतिदायक असतं. ठोके लांब लांब होत जातात. दोन ठोक्यांमध्ये एवढी जागा पडते की आता पुढचा येणार नाही असं वाटतं, आणि तो येतो. मग खरंच येत नाही. सगळी इमारत खांदे पाडल्यासारखी सैल होते. खाली तेलाचा पंप तेवढा चालू राहिला, कारण तो चालू ठेवायचाच असतो.

आणि रडणं. ते थांबलं नव्हतं. झाकायला आता काहीच उरलं नसल्यामुळे ते मोकळं, उघडं ऐकू येत होतं.

"खाली कुणी थांबायचं नाही," ती म्हणाली. आपला आवाज नेहमीसारखा निघाला याचं तिला नवल वाटलं. "तेल घालणाऱ्यांना वर बोलाव. वीस मिनिटं. मग झाकण उघडू."

हा इथला पहिला नियम होता. इंजिनाच्या पोटात काही घासून लाल झालं, तर त्यावर पडणाऱ्या तेलाची वाफ होते. ती वाफ आत भरून राहते आणि हवा नसल्यामुळे गप्प बसते. झाकण उघडलं की हवा आत जाते आणि भडका उडतो. म्हणून थांबवलेलं इंजिन आधी निवू द्यायचं, वीस मिनिटं, जास्त चालतील, कमी नाही. प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी हा नियम सांगतात, आणि सोबत एका माणसाची गोष्ट सांगतात. याच इंजिनाचं झाकण त्याने चौथ्या मिनिटाला उघडलं होतं. नाव घेत नाहीत. तिच्या तुकडीला ही गोष्ट सांगताना शिकवणारे मास्तर मध्येच अडखळले होते, कारण दुसऱ्या रांगेत त्या माणसाची मुलगी बसली होती.

वडील गेले तेव्हा ती चार महिन्यांची होती. तिला त्यांच्याबद्दल माहीत होतं ते एवढंच, की त्यांना घाई होती. चौकशीच्या कागदावर तेच लिहिलेलं होतं आणि आईही तेच म्हणायची. "जेवायची घाई, बोलायची घाई, चालायची घाई. घाईच नडली." आई हे इतक्या सपाट आवाजात म्हणायची की पुढे काही विचारता येत नसे. तिने ही नोकरी धरली तेव्हा लोक म्हणाले, बापाच्या जागी आली. कुणी वाईट बुद्धीने म्हणत नव्हतं. पण दर वेळी एखादं झाकण उघडताना आजूबाजूचे दोन-तीन जण घड्याळाकडे पाहतात, हे तिच्या नजरेतून सुटत नसे.

फोन वाजला. मोठे साहेब.

"बंद का केलं?"

"आवाज आला, सर."

"कसला?"

तिने काचेतून खाली पाहिलं. सातवं झाकण इतर आठांसारखंच दिसत होतं.

"आत काहीतरी घासतंय."

"मीटर काय म्हणतायत?"

"मीटर ठीक आहेत."

"उस्तादांना ऐकू आलं?"

"नाही."

मग साहेब समजावणीच्या सुरात बोलू लागले. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. "हे बघा, तुम्ही नुकत्याच परत आलात. झोप होत नसेल. माझ्या बायकोलाही दारावरची घंटा ऐकू यायची. मी काय म्हणतो, काही तापलेलं नाहीच आहे, तर वीस मिनिटं कशासाठी? उघडा, टॉर्च मारा, बघा, बंद करा, सुरू करा. पाच मिनिटांचं काम."

"आणि तापलेलं असलं तर?"

"तर मीटरने सांगितलं असतं."

"वीस मिनिटं, सर."

"अर्धं गाव अंधारात आहे, मॅडम. याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल."

"देईन," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

चार मिनिटं झाली होती.

रेडिओ खुर्चीत वळून बसला होता आणि तिच्याकडे पाहणं टाळत होता. तेल घालणारे दोघे मागे बाकावर. कुणाच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं. कुणालाच ऐकू येत नव्हतं. रडणं आता बदललं होतं. आधी त्यात राग होता. आता तो ओसरून नुसता कंटाळलेला, थकलेला सूर उरला होता. कुणी येणार नाही हे कळल्यावर मूल जसं रडतं तसं. तिला छातीत ओळखीची कळ आली, आणि ओव्हरऑलच्या आत, अंगातल्या कापडाच्या घड्या ओलसर झाल्या. दूध उतरलं होतं.

तिने फिरून भिंतीकडे तोंड केलं आणि घरी फोन लावला.

"झोपलाय गं," आई म्हणाली. "मघाशीच बाटली संपवली. हूं नाही की चूं नाही."

"बघून सांग."

"बघून काय सांगू? मांडीवर आहे माझ्या. त्याच्या नाकाची शिट्टी वाजतेय, ती ऐकवू का?" आणि मग, "काय झालंय?"

"काही नाही. इंजिन बंद आहे."

"हं," आई म्हणाली. "तू घाई करू नकोस कशाची."

सात मिनिटं.

तिने फोन ठेवला आणि दाराकडे निघाली. आपण का निघालो हे तिला सांगता आलं नसतं. झाकण उघडायचं नव्हतंच. फक्त जवळ जाऊन उभं राहायचं होतं, झाकणाच्या पलीकडे जे होतं त्याला कळावं की कुणीतरी आहे, एवढ्यासाठी. तिने दार ढकललं. बाहेर लोखंडी जिना होता, आणि जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत आडवे, उस्ताद बसले होते.

"सरका," ती म्हणाली.

"गुडघे गेलेत गं. बसलो ते बसलो. आता उठवायला क्रेन लागेल."

"उस्ताद, मी फक्त खाली जाऊन—"

"जा की. वीस मिनिटांनी." त्यांनी चष्मा काढला आणि खिशातल्या चिंधीने पुसायला घेतला. सावकाश, आधी एक काच, मग दुसरी. "नाव ठेवलं का बाळाचं?"

"नाही अजून."

"चार महिने झाले ना?"

"भांडणं चालू आहेत."

"चालू दे. माझ्या धाकट्याला आम्ही वर्षभर 'अहो' म्हणत होतो."

तिने कठडा धरला. लोखंड हाताला गार लागलं. खालून एक लांब हुंदका आला, मग काहीच नाही, मग श्वास ओढल्याचा आवाज. तिचा पाय आपसूक पहिल्या पायरीवर उतरला. उस्ताद हलले नाहीत. त्यांची पाठ तिच्या गुडघ्याला लागली, रुंद, घामाने भिजलेली पाठ.

"तुम्हाला खरंच ऐकू येत नाही?"

"पस्तीस वर्षं ह्या धुडाशेजारी काढलीत, पोरी. मला माझी बायको ऐकू येत नाही. त्यावरच संसार टिकलाय."

ती हसली नाही. तेही हसले नाहीत. चष्मा पुन्हा पुसू लागले, जो आता स्वच्छ होता.

"तुमचा माझ्यावर विश्वास नाही," ती हळू म्हणाली. "मी त्यांची मुलगी म्हणून."

उस्तादांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "किती झाली?"

"अकरा."

"अजून नऊ आहेत. बस."

ती त्यांच्या मागच्या पायरीवर बसली. गुडघ्यांभोवती हात आवळले. शेवटची नऊ मिनिटं उरली होती. ती मोजत होती, आकडे नव्हे; रडणं किती वेळा थांबतं आणि पुन्हा सुरू होतं, तेवढंच. सोळाव्या मिनिटाला ते कण्हण्यासारखं झालं. अठराव्याला थांबलं. तिला वाटलं, आता सुरू होईल. झालं नाही. आणि त्या न होण्याने तिच्या अंगावर जो काटा आला, तसा ते चालू असताना एकदाही आला नव्हता.

"बावीस झाली," रेडिओ दारातून म्हणाला. तो कुजबुजला होता.

झाकण तिने स्वतः उघडलं. उस्तादांनी बोल्ट सैल केले, ती बाजूला उभी राहिली आणि हॅन्डल ओढलं. आतून गरम, जळकट वास आला, पांढुरकी वाफ गुडघ्यांच्या उंचीवर रेंगाळली आणि पातळ होत विरली. टॉर्चच्या उजेडात पिस्टनचा खालचा दांडा जिथे क्रँकशाफ्टला मिठी मारतो ते बेअरिंग दिसलं. ते निळं पडलं होतं. त्याच्यावरचा पांढरा धातू वितळून मेणबत्तीसारखा ओघळला होता आणि थेंब थेंब होऊन थिजला होता.

तेल घालणाऱ्यांपैकी एकाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मग खाली जमिनीकडे.

चौथ्या मिनिटाला, सातव्या मिनिटाला, अकराव्या मिनिटाला हे कसं असेल, ते तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

वाफेच्या मीटरची आत जाणारी नळी काजळीने गच्च बसलेली निघाली. म्हणून तो हिरवा राहिला होता. आणि या बेअरिंगला वेगळा मीटर नव्हताच, इतक्या जुन्या इंजिनांना नसतो. बेअरिंग का जळलं, ते तासाभराने कळलं, दांड्यातलं तेलाचं भोक तपासल्यावर. दुरुस्तीत बेअरिंग उघडं असलं की त्या भोकात कचरा जाऊ नये म्हणून फिटर चिंधीचा बोळा कोंबतात, आणि बसवताना आठवणीने काढतात. उस्तादांनी वाकड्या तारेने तो बोळा बाहेर ओढला. अर्धा जळून कोळसा झालेला, अर्धा अजून निळ्या चौकड्यांचा.

निळ्या चौकड्यांच्या चिंध्या फक्त एकच माणूस वापरायचा. त्याच्या बायकोच्या जुन्या पडद्याच्या होत्या त्या.

उस्तादांनी बोळा तळहातावर ठेवला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिले.

"माझाच," ते म्हणाले. "सातव्याचं काम माझ्याकडे होतं."

साहेब खाली आले तेव्हाही ते तेच म्हणाले, तेवढ्याच शब्दांत. साहेबांनी झाकणातून आत पाहिलं, ओघळलेला धातू पाहिला, आणि ते तिच्याकडे वळले. मग तिचा हात हातात घेऊन नुसता दाबला आणि निघून गेले.

संध्याकाळी पाळी संपताना उस्ताद हात धुवायच्या टाकीपाशी होते. तेल आणि साबणाचा भुकटा कोपरापर्यंत चोळत. ती शेजारच्या नळावर उभी राहिली.

"मला आज बाळ रडताना ऐकू आलं," ती म्हणाली. "इंजिनात. बंद झाल्यावरसुद्धा."

"माहीत आहे."

"तुम्ही म्हणालात ऐकू येत नाही."

"येत नव्हतं. तेव्हाही आलं नव्हतं." त्यांनी नळ बंद केला, पण हात टाकीतच ठेवले. "तुझा बाप असाच उभा राहिला होता, मान कलती करून. इंजिन बंद करून आम्ही दोघे वर आलो होतो. मला म्हणाला, पोरगी रडतेय. मी म्हटलं, कुठे? म्हणाला, तिथे आत. मी हसलो. एवढं मोठं हसलो की मला वाटलं तोही हसेल. तो म्हणाला, अरे, रडून रडून दमलीय रे ती. आणि जिना उतरला."

तिच्या नळाचं पाणी तसंच वाहत राहिलं.

"माझ्या शेजारून गेला. एवढ्या जवळून. मी हात पुढे केला असता तर पुरला असता."

"चौकशीत तुम्ही—"

"घाई केली म्हटलं. दुसरं काय सांगणार होतो? वेडा म्हणाले असते त्याला. घाई केलेला माणूस बरा." त्यांनी हात झटकले. "आणि तुला काय सांगायचं होतं? तुझं रडणं ऐकून गेला म्हणून? लहान पोरीच्या गळ्यात असलं काही बांधायचं?"

"किती वाजता झालं हे?"

"सकाळी. सव्वा अकराचा सुमार."

घरी दिवा परत आला होता. आई पलंगाच्या कडेला बसून वाळलेल्या दुपट्यांच्या घड्या घालत होती. बाळ नुकतं जागं झालं होतं आणि छताकडे पाहून कुणाशी तरी लांबलचक बोलत होतं. तिने हात धुतले, कोपरापर्यंत, दोनदा, कपडे बदलले आणि त्याला उचलून छातीशी घेतलं. तो धसमुसळेपणाने लुचू लागला.

"हळू रे, पळून जात नाही कुणी," आई त्याला म्हणाली. आणि मग तिला, "उशीर झाला."

"बेअरिंग गेलं. थांबावं लागलं."

"थांबलीस ना?"

"थांबले."

आईने मान हलवली आणि पुढचं दुपटं घेतलं.

"आई, बाबांनी घाई केली नव्हती."

आईचे हात चालूच राहिले. कडेला कड, मग मध्ये दुमड. "कोण म्हणतं?"

"उस्ताद. ते बाबांच्या सोबत होते." तिने बाळाच्या डोक्यावर हात ठेवला, टाळू धडधडत होती तिथे. "बाबांना इंजिनात मी रडताना ऐकू आले. म्हणून उतरले ते. उस्तादांनी कुणाला सांगितलं नाही. आज सांगितलं."

आपल्याला आज काय ऐकू आलं ते तिने सांगितलं नाही.

आईने घडी घातलेलं दुपटं उलगडलं. पुन्हा घातली. पुन्हा उलगडलं.

"किती वाजता?"

"काय?"

"किती वाजता म्हणाला तो?"

"सव्वा अकरा."

आई उठली. दुपटं तिच्या मांडीवरून खाली पडलं. ती मोरीच्या दारापर्यंत गेली आणि चौकटीला हात लावून, या दोघांकडे पाठ करून, उभी राहिली.

"मी न्हात होते," ती म्हणाली. "तू झाल्यापासून पहिल्यांदा डोक्यावरून पाणी घेतलं होतं, निवांत. रोज आपलं दोन तांबे ओतून बाहेर पळायचं. त्या दिवशी म्हटलं, झोपलीय, आज केस धुऊ. दार लावलं. पाणी इतकं छान होतं." ती थांबली. "बाहेर आले तर तुझा आवाज बसलेला. नुसतं तोंड उघडायचीस, आवाज नाही. किती वेळ रडली होतीस कुणास ठाऊक. तुला उचललं आणि अपघाताचा भोंगा झाला."

बाळाचं लुचणं मंदावत गेलं.

"मी कुणाला सांगितलं नाही," आई म्हणाली. "सांगण्यासारखं काय होतं? मूल रडतं." आणि मग, भिंतीशी बोलल्यासारखं, "मधे एक दार होतं फक्त. मला नाही ऐकू आलं. आणि ह्यांना तिथून..."

तिने दोन्ही हातांनी केस कानांमागे सारले, आधी एका बाजूचे, मग दुसऱ्या बाजूचे, आणि हात तिथेच धरून ठेवले, कान मोकळे करून. बाळाला झोप लागली होती. घरात कसलाच आवाज नव्हता. आई तशीच उभी राहिली, ऐकत.